डालग्याबाहेर

"कोंबडी डालग्यात, पोर घरात, आन् तू दारात. आगं, ही काय छावणी हाय का?"

जगदेवराव भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून बोलले. कुसुम चुलीपाशी बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. लाकडं ओली होती, धूर डोळ्यांत जात होता, तेच निमित्त करून तिनं पदर डोळ्यांना लावला.

"छावणीच बरी म्हना," ती म्हणाली. "तिथं पहारेकरी तरी असत्यात."

"ह्ये गाव हाय. हितं कसला पहारा?"

"तुम्ही हाय का हितं? आयतवारी येता, सोमवारी जाता. मधले दिवस मी कुणाच्या जिवावर काढू?"

 जगदेवरावांनी तुकडा उचलला आणि आमटीत बुडवला.

माणूस तसा बोलका होता. पण पलटण मोडली तेव्हापासून त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं होतं. ग्वाल्हेर दरबारच्या पायदळात त्यांच्या आज्यानं, बापानं आणि त्यांनी स्वतः बंदूक धरली. दरबार गेला, संस्थानाचं मध्यभारत झालं, आणि पलटणही मोठ्या फौजेत मिळवून टाकली. तरण्या पोरांना नवे बिल्ले मिळाले. जगदेवरावांच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. त्यांच्याशी साहेबानं हात मिळवला आणि घरी जायला सांगितलं. आता ते ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेत, नई सडकेवर, एका कापडवाल्याच्या दुकानात राखणीला होते. रात्री तिथंच फळीवर झोपायचे. पलटणीचा भगवा फेटा घरच्या खुंटीला टांगलेला होता. शेटजींनी टोपी घालायला सांगितली होती.

"फेट्याला गिऱ्हाईक भितंय म्हनं," जगदेवराव पहिल्यांदा म्हणाले तेव्हा हसले होते. कुसुमला हसू आलं नव्हतं.

त्यांचं मूळ घर गावापासून लांब, पलटनपुऱ्यात. दरबारनं मराठा शिपायांना जमिनी दिल्या तेव्हा वसलेली ती दहा-बारा घरांची वस्ती. पुऱ्याच्या पलीकडं मातीचे उंच उंच कडे आणि त्यांत पाण्यानं खोदलेल्या गल्ल्या. इकडं त्यांना भरके म्हणतात. पलटण होती तोवर भरक्यातले बागी, म्हणजे दरोडेखोर, पुऱ्याकडं डोळा वर करून बघत नव्हते. पलटण मोडली आणि एकेक घर उठलं. कुणी लष्कर पेठेत गेलं, कुणी देवासला, कुणी थेट दक्षिणेत, जिथं आता त्यांना कुणी ओळखतही नव्हतं. शेवटी पुऱ्यात कुसुमच्या एकटीच्या घरातून धूर निघायला लागला. एके संध्याकाळी भरक्याच्या तोंडाशी घोडी उभी दिसली. घोडीवर कोण होतं ते कळलं नाही. पण त्या आठवड्यातच जगदेवरावांनी बैलगाडी आणली आणि बिऱ्हाड बेरखेडी गावात हलवलं, दौलतसिंह बघेलाच्या वाड्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत.

गाडीत भांडी होती, जातं होतं, देव होते, सात वर्षांची विमल होती, आणि डालग्यात रवणावर बसलेली लाल कोंबडी. कोंबडी अंड्यांवरून उठेना म्हणून कुसुमनं अंड्यांसकट डालगं गाडीत ठेवलं. रस्ता कसला, नुसते खड्डे. गाडीच्या हादऱ्यानं सगळी अंडी नासली. एकच तगलं. त्यातून माघाच्या थंडीत, बाहेर हात न दिसेल असं धुकं पडलेलं असताना, एक पिल्लू निघालं. पिवळट, पाठीवर तपकिरी रेघ, आणि अंगापेक्षा आवाज मोठा.

ते पिल्लू विमलनं आपलं मानलं, यात नवल नव्हतं. तिला दुसरं होतंच कोण?

गावात आल्यावर दुसऱ्याच दिवशी विमल विहिरीवर गेली होती. परत आली तेव्हा तिच्या भुवईवर खोक पडली होती आणि परकरावर चिखल होता. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. कुसुमनंही खोदून विचारलं नाही. तिला वाटलं, आपण दखनी, परकी माणसं. दरबार होता तेव्हा ज्यांना 'पलटनवाले साब' म्हणत, त्यांच्यावर आता ढेकळं फेकायची पाळी गावाची. तिनं त्या दिवसापासून दाराला आतून कडी लावली. विमल अंगणापर्यंत यायची, डालग्यापाशी बसायची, आणि गल्लीतून पोरांचा आवाज आला की आत पळायची. कडुलिंबाखाली शाळा भरायची, तिथला पाढ्यांचा गलका घरात ऐकू यायचा. विमल तो ओठांतल्या ओठांत म्हणायची.

जगदेवरावांनी हात धुतले. जाता जाता डालग्यापाशी थांबले. कोंबडीनं आतून पिसं फुलवून गुरगुर केली.

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "पुढच्या आयतवारी मी यीन तवर ही मोकळी दिसली पायजे. आन् पोर शाळेत."

"बाबा," विमल दारातून म्हणाली, "पिल्लू बाहेर गेलं, आन् त्याला काय झालं न्हाई, तर मी जाईन."

 पोरीनं आपला जीव त्या मूठभर पिसांवर टांगला होता.

दौलतसिंहाच्या घरी मेंढ्या होत्या आणि कोंबड्याही. सगळ्या काळ्या, अंगानं थोराड, आणि एक उंच कोंबडा. मधली भिंत कमरेएवढीच होती, पण कोंबड्यांना ती कधीच अडवत नव्हती. त्या कुसुमच्या अंगणात येत, डालग्याभोवती फिरत, आतल्या लाल कोंबडीकडं, लालीकडं, मान वाकडी करून बघत आणि काडीकाडीवर टोच मारत. कुसुमनं एकदा त्यांतल्या एकीनं बेडकाचं पिल्लू कसं तुकडे तुकडे करून खाल्लं ते पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांपुढून ते जात नव्हतं.

सोमवारी दुपारी भिंतीपलीकडून दौलतसिंहाची म्हातारी बायको रामकली गोवऱ्या थापता थापता म्हणाली, "काए बाई, मुर्गी को कब तक बंद रखेगी? पागल हो जाएगी."

कुसुमला हिंदी बोलता यायचं, पण घाबरली की शब्द मराठीच यायचे. "काकी, मारत्यात की त्या. तुमच्या."

"मारेंगी. थोडा-बहुत तो मारेंगी." रामकली हसली. तिला समोरचे दोन दात नव्हते. "नई बहू को सास नहीं मारती? पर डालगा बीच में रख दे. दो-चार रोज सब एक-दूसरी को देखें. फिर दाना डाल, पेट भर जाए, तब छोड़. भूखी के सामने मत छोड़ना."

कुसुमनं तसं केलं. डालगं अंगणाच्या मधोमध नेलं. काळ्या कोंबड्या आल्या, टोचा मारून बघितल्या, बांबूच्या पट्ट्यांवर चोची आपटल्या, कंटाळल्या आणि उकिरड्याकडं गेल्या. लाली आतून ओरडून ओरडून थकली. पिल्लू मात्र पट्ट्यांतून मान बाहेर काढायचं. प्रत्येक वेळी कुसुम हातचं काम सोडून काळ्या कोंबड्या कुठं आहेत ते बघायची.

आता सोडायची वेळ आली. सरसोंची शेतं गावाभोवती पिवळी झाली होती, ऊन चांगलं पडलं होतं, धुकं नव्हतं. कुसुमनं बाजरी अंगणभर फेकली. काळ्या कोंबड्या तुटून पडल्या. त्यांचं पोट भरेपर्यंत ती थांबली. रामकलीनं सांगितलेलं सगळं तिनं केलं. पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही.

आपल्याकडं नवं वासरू गोठ्याबाहेर काढतात तेव्हा काय करतात? नवी सून उंबरा ओलांडते तेव्हा? कुसुमनं देवापुढचा करंडा आणला. लालीच्या डोक्यावर हळदीकुंकू लावलं. मग पिल्लू तळहातावर घेतलं.  बोटाच्या टोकानं तिनं त्याच्या डोक्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावला.

"आता त्याला कोण काय करणार न्हाई," ती विमलला म्हणाली. "देवाचं लावलंय."

तिनं डालगं उचललं.

पहिला थोडा वेळ काहीच झालं नाही. लाली पंख झटकून उभी राहिली. पिल्लू तिच्या पायांतून पुढं आलं, एक दाणा उचलला, टाकला, परत उचलला. विमलनं टाळी वाजवायला हात वर केले.

तेवढ्यात एका काळ्या कोंबडीनं मान वाकडी केली. तिला तो लाल ठिपका दिसला. तिनं दाणे सोडले आणि सरळ येऊन टोच मारली. पिल्लू किंचाळलं. दुसरी आली. मग सगळ्याच. पोट भरलेल्या, दाणे समोर पडलेले, तरी त्या त्या लाल ठिपक्यावरच तुटून पडल्या. लाली उडाली, दोघींच्या पाठीवर चढली, पण कोंबडा मधे घुसला आणि तिला बाजूला फेकलं. तिच्याही डोक्यावर कुंकू होतं, तिथंही चोची बसायला लागल्या. धूळ उडाली, पिसं उडाली.

"आई! आई, मारत्यात!"

कुसुम उंबऱ्यावर उभी होती. तिला ऐकू येत होतं, दिसत होतं, पण पाय उचलत नव्हता. भरक्याच्या तोंडाशी घोडी दिसली होती तेव्हाही असंच झालं होतं. हातातला पितळी करंडा तिनं इतका घट्ट धरला होता की कडा तळव्यात रुतली. 

रामकलीनं भिंतीवरून उडी टाकली. साठी उलटलेली बाई, लहंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. कोंबड्यांत लाथ घातली आणि पिल्लू ओढणीत गोळा केलं.

"काए री, जे का लगा दओ?" तिनं पिल्लाचं डोकं बघितलं. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. "लाल? लाल लगाया? अरे, लाल को तो खून समझती हैं ये. खून दिखा कि मारेंगी. अपनी हो चाहे पराई."

ती तशीच कुसुमच्या चुलीपाशी गेली, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, थोडं तेल लावलं आणि पिल्लाच्या डोक्यावर चोळली. जखमेवर, कुंकवावर, सगळ्यावर. पिल्लू काळं ठिक्कर झालं. मग तिनं लालीलाही धरलं आणि तिच्याही तुऱ्यामागचं कुंकू पुसून काजळी फासली.

"अब देख. अब कोई नहीं देखेगा."

विमल रडत नव्हती. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचा हात कपाळावर गेला होता. तिथं रोजच्यासारखं कुंकू होतं, कुसुमनं सकाळी लावलेलं, चांगलं रुपयाएवढं.

"विमे, काय गं?"

विमलनं बोटानं कुंकू चाचपलं. मग म्हणाली, "विहिरीवर पन त्या हेच म्हनत होत्या. लाल."

"कोन? काय म्हनत होत्या?"

"पोरी. म्हनल्या, हिचं लगीन झालंय. तुझा आदमी कुठंय, दाखव. मी म्हनलं, न्हाई झालं. तर म्हनल्या झूट बोलतीस, कपाळावर लाल हाय. मग एकीनं कुंकू पुसाया हात घातला. मी चावले. मग तिनं ढेकूळ मारलं."

कुसुमनं रामकलीकडं बघितलं. रामकलीनं मान हलवली. "हमारे यहाँ तो ब्याह के बाद ही लगे है. मैंने भी सोचा था, दखनी हैं, छोटे में ब्याह दी होगी."

दखनी म्हणून नव्हे, पलटणीचं म्हणून नव्हे. इतके दिवस कुसुम ज्याला भीत होती तो गावाचा राग नव्हताच. तिनं रोज सकाळी आपल्या हातानं पोरीच्या कपाळावर लावलेला ठिपका होता तो. हे कळल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. उलट भीती जास्त खोल गेली. गावाच्या रागाला दाराची कडी होती. याला कडी कुठं घालायची?

रामकली जाता जाता म्हणाली, "कल फिर छोड़ना. डरना मत. काला हो गया है, घुल जाएगा."

दुसऱ्या दिवशी कुसुमनं डालगं उचललं तेव्हा हातात काठी होती. काळ्या कोंबड्यांनी मान वाकडी करून बघितलं, एकीनं टोच मारली, लालीनं उलट टोच मारली, आणि सगळ्या दाण्यांकडं वळल्या. पिल्लू आईच्या पायांत राहिलं. एवढंच झालं. कुसुमचा हात मात्र दुपारपर्यंत काठीवरून निघाला नाही.

मग रोज तेच. पिल्लू मोकळं झालं, पण लालीच्या पोटाखालून हललं नाही. घार दिसली की आत, मांजर दिसलं की आत, कोंबड्यानं पाय आपटला की आत. विमलही तशीच. पिल्लाला काय झालं नाही, तरी शाळेचं नाव काढलं की म्हणायची, "अजून ते आईजवळच हाय की."

जगदेवराव आयतवारी आले. डालगं मोकळं बघितलं, पोर घरात बघितली, सोमवारी परत गेले. असे किती आयतवार गेले.

फागुन सरला. सरसों कापली गेली. कडुलिंबाची पानं पिवळी होऊन अंगणात पडायला लागली आणि दुपारी गरम वारा गल्लीतून धूळ घेऊन फिरायला लागला. पिल्लाची काजळी कधीच गेली होती. त्याला खरी पिसं फुटली होती, तपकिरी आणि काळी. लालीचा तुरा मधे फिका पडला होता तो परत लालभडक झाला.

एका सकाळी विमल ओरडली, "आई, बघ!"

कुसुम काठी घेऊन धावली. काळ्या कोंबड्या लांब उकिरड्यावर होत्या. लालीच पिल्लाच्या मागं लागली होती. पिल्लू पोटाखाली शिरायला बघत होतं आणि लाली त्याच्या डोक्यावर टोचा मारत होती. एक, दोन, परत. पिल्लू बाजूला झालं, परत आलं, लालीनं त्याला मान धरून लांब भिरकावलं.

"आगं रांडे! तुझंच हाय ते!" कुसुमनं काठी उगारली.

"रहन दे, बाई." भिंतीपलीकडून रामकलीचा आवाज आला. ती गोवऱ्या थापत होती, मान वर केली नव्हती. "अब बा अंडा देगी. बच्चा बड़ा हो गओ. जेई रीत है. मां न भगाए तो जिंदगी भर पेट में घुसा रहे."

"पन काकी, त्या बाकीच्या..."

"देख तो सही."

पिल्लू अंगणाच्या मधे एकटं उभं राहिलं. ओरडलं. लालीनं बघितलंही नाही, ती पायानं माती उकरत होती. पिल्लू मग उकिरड्याकडं चाललं. कुसुमची काठी वरच्या वर राहिली. एका काळ्या कोंबडीनं त्याला टोच मारली, फार जोरात नाही. पिल्लानं मान आत घेतली, पण पळालं नाही. थोडं बाजूला सरकलं आणि माती उकरायला लागलं. दुपारी ऊन वाढलं तेव्हा ते भिंतीच्या सावलीत काळ्या कोंबड्यांच्या मधे पंख पसरून बसलं होतं.

विमल ते बराच वेळ बघत होती.  

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमनं विमलची वेणी घातली. करंडा उघडला. बोट कुंकवात गेलं आणि तिथंच थांबलं. कपाळ कोरं ठेवायचं? तसं कपाळ तिच्या घराण्यात पोरीचं नसतं, ते दुसऱ्याच कुणाचं असतं.  मग तिनं बोट पदराला पुसलं, तव्याच्या बुडाची काजळी घेतली आणि कुंकवाच्या जागी काळा ठिपका लावला. तान्ह्या पोरांना लावतात ती तीट. तीट तर रामकलीच्या घरीही लावत होते.

"आई, कुंकू?"

"आज हे."

"पन कुंकू?"

"गप."

तिनं विमलला हाताला धरून उंबऱ्यापर्यंत नेलं. विमलनं लुगडं पकडलं. कुसुमनं बोटं सोडवली. पोरीनं परत धरलं. कुसुमनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, असा की तिचं तिलाच वाईट वाटलं, आणि म्हणाली, "चल नीघ. सारखी मेली पोटात शिरती."

आणि दार लावलं. आतून कडी घातली.

तिथंच उभी राहिली. हात कडीवर. बाहेर पावलं वाजली नाहीत. विमल दाराबाहेर उभी होती, तिचा श्वास फळीतून ऐकू येत होता. कुसुमला वाटलं, आता दार उघडलं तर सगळं संपलं. तिनं डोळे मिटले आणि कडीवरचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरला. मग पावलं वाजली, हळू, मग जलद. गल्लीतून पोरांचा आवाज आला. "ए दखनी! ए, रुक!"  ती दाराला पाठ लावून खाली बसली. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग विमलचाच आवाज, रामकलीच्या ढंगात, जसाच्या तसा: "काए, का है?"

कुणीतरी हसलं. पोरी का पोरं, कळलं नाही. मग सगळे आवाज कडुलिंबाकडं गेले.

आयतवारी जगदेवराव आले तेव्हा अंगणात डालगं पालथं पडलं होतं. त्यात काही नव्हतं. दारातून घरातही कुणी दिसलं नाही. त्यांनी पायातल्या वहाणा तशाच ठेवून आत पाऊल टाकलं.

"कुसुम? विमल कुठंय?"

कुसुम चुलीपाशी होती. "भाईर."

"भाईर कुठं?"

"मला काय ठावं. चरायला गेली असंल. आता भूक लागली की यीलच."

जगदेवराव खाटेवर बसले. "आन् तू आत?"

"माझं काय हो. मला अजून भ्या वाटतंय." तिनं भाकरी तव्यावर उलटली. "घरटं रिकामं झालं तरी कोंबडी काय लगेच उडत न्हाई."

तेवढ्यात विमल धावत आली. पायाला धूळ, परकराला काटे, ओंजळीत पिकलेली बोरं. "बाबा!" तिच्या कपाळावर मधोमध काळा ठिपका होता.

जगदेवरावांनी तिला जवळ घेतलं. बोट तिच्या कपाळाकडं गेलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी कुसुमकडं पाहिलं. कुसुम चुलीत फुंकत होती. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. तिथं पलटणीचा फेटा टांगलेला होता, त्यावर धूळ बसली होती. त्यांच्या डोक्यावर शेटजीची टोपी होती.

 त्यांनी ती काढून गुडघ्यावर ठेवली.

"वाढ," ते म्हणाले. "भाकरी करपायच्या आत वाढ."